रिलीव्हर येईपर्यंत

लेकीच्या बुटाची नाडी बांधता बांधता तिने शेजारच्या खुर्चीवरच्या लॅपटॉपकडे पाहिलं, तर ओळ अर्ध्यावरच थांबलेली. दातांच्या डॉक्टरांकडे अजून दोन नंबर पुढे होते. तिने एक की दाबली, मग दुसरी. पडद्यावरची काळी खिडकी ढिम्म हलेना. नेटला दोष देण्यात अर्थ नव्हता, गुन्हेगार तिला पक्का ठाऊक होता. घरी सासऱ्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं बस डेपोत ड्युट्या लावल्या होत्या. कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, किती वाजता, हे सगळं ते पेन्सिलीने मोठ्या कागदावर मांडत. डेपो त्यांना ड्युटीमास्तर म्हणे, आणि निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी गल्लीतही तेच नाव चालू होतं. आता त्याच डेपोला तो चार्ट संगणकाकडून हवा होता आणि ते काम करून दाखवायची संधी मिळाली होती त्यांच्या सुनेला. लेकीच्या जन्मापासून सात वर्षं ती घरी होती. सात वर्षांत तिला कोणी साधं मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. डेपो मॅनेजरने तिला एक आठवडा दिला होता. गुरुवारी बारा वाजता एकशे बारा ड्रायव्हरांचा चार्ट बिनचूक निघाला तर नोकरी तिची, नाहीतर बाहेरची कंपनी बोलावणार.

आठवडा कसला, तिच्या वाट्याला नुसते तुकडे आले होते. भाजी शिजेपर्यंतची वीस मिनिटं, शाळेच्या फाटकापाशी पंधरा. प्रोग्राम लिहायला एआय मदतनीस होता खरा, पण लॅपटॉप मिटला की त्याचं चाललेलं काम तुटे आणि पहिल्यापासून पाढा वाचावा लागे. शेवटी नणंदेने फोनवरून युक्ती सांगितली. मदतनीस घरच्या मोठ्या संगणकावर, कायम चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत बसवायचा. आपण लॅपटॉपवरून कुठूनही तिथे जोडून घ्यायचं आणि उठताना नुसतं सुटून जायचं. आतलं काम चालूच राहतं. दार लोटून घे वहिनी, कुलूप लावू नकोस, एवढं तिने बजावलं होतं.

कुलूप लावायचं काम मात्र ड्युटीमास्तरांनी अंगावर घेतलं होतं. मोठा संगणक त्यांच्या खोलीत होता.

घरी आल्यावर तिने आवाज चढवला नाही, पण पर्स जरा जोरातच ठेवली.

"खोलीत माणूस नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही," ते पेपरमधून मान न काढता म्हणाले. "माणूस उठला की यंत्र बंद. डेपोचा नियम आहे."

"माणूस नव्हता बाबा, पण काम चालू होतं."

"असं कसं? पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय आम्ही खुर्ची सोडत नव्हतो. तुझ्या खुर्चीवर कोण होतं?"

रागाचा पारा उतरायला तिला एक पेला पाणी लागलं. नियम त्यांचा होता, पण दुखणं वेगळं होतं, हे तिला कळत होतं. जे काम त्यांनी एकतीस वर्षं पेन्सिलीने केलं, ते हे डबडं करणार म्हणे. तिने त्यांना खुर्ची ओढून मोठ्या पडद्यासमोर बसवलं, स्वतः लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि लिहिलं, बाबा, चहा घेणार? तीच अक्षरं त्यांच्या पडद्यावर उमटली. मग तिच्या ओळीखाली एका बोटाने, चाचपडत आलेलं उत्तर दिसलं. हो. साखर कमी.

चहा पिताना त्यांनी चार प्रश्न विचारले, तेही खोकल्याआड. मदतनिसाला अडलं तर तो काय करतो? विचारतो आणि थांबतो, ती म्हणाली. किती वेळ? उत्तर मिळेपर्यंत. ड्युटीमास्तरांनी कप खाली ठेवला आणि पुन्हा पेपर उघडला.

बटण त्यानंतर बंद झालं नाही, पण काम अडलंच. गुरुवारी सकाळी एकशे नऊ ड्रायव्हर जागेवर बसले आणि तीन ड्युट्या रिकाम्या राहिल्या. त्या कोणालाही द्याव्यात, तर त्याची दहा तासांची विश्रांती मोडत होती. ती डेपोकडे जाणाऱ्या बसमध्ये उभ्या उभ्या एका हाताने लॅपटॉप सावरत होती, तेव्हा मदतनिसाने विचारलं: तीन ड्युट्यांपुरता विश्रांतीचा नियम शिथिल करू का? नको, असं लिहायला तिने बोट उचललं आणि नेट गेलं. पुढचा पाऊण तास ते आलंच नाही. खिडकीबाहेर दुकानं मागे पडत होती. थकलेल्या माणसाच्या हाती भरलेली गाडी देणारा चार्ट ती दाखवणार नव्हती, आणि दुसरा चार्ट तिच्याकडे नव्हता.

ती मॅनेजरच्या केबिनमध्ये पोचली तेव्हा बाराला पाच कमी होते. अजून थोडं बाकी आहे, हे वाक्य मनात घोळवत तिने लॅपटॉप उघडला, घरच्या टर्मिनलला जोडून घेतलं.

रिकाम्या ड्युट्या: शून्य. मोडलेले नियम: शून्य.

तिने हलकेच वर सरकवून पाहिलं. मदतनिसाच्या प्रश्नाखाली उत्तर होतं, पण ते तिचं नव्हतं.

'विश्रांतीला हात लावायचा नाही. चौदा नंबर डेपोत तोड. गाडी साडेबाराला आत येतेच. पुढचा अर्धा दुपारच्या माणसाला दे. बावीस आणि एकतीस पण तशाच.'

ड्युटी मध्येच तोडता येते हे दिलेल्या नियमांत कुठेच नाही, असं मदतनिसाने अदबीने कळवलं होतं. त्यावर उत्तर आलं होतं, 'लिहिलेलं नाही. माहीत आहे. कर.'

मॅनेजरने चार्टवरून बोट फिरवत नेलं आणि चौदा नंबरवर थांबवलं. त्याचा चष्मा कपाळावर गेला. आपण इथे कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा ड्युट्या अशाच तुटायच्या, तो म्हणाला.

"ही जोडणी कोणाची?"

"ड्युटीमास्तरांची," ती म्हणाली. "बाकीचा चार्ट माझा."

तो हसला. सोमवारपासून हाच चार्ट लावू, आणि तुम्हीही सोमवारीच या, म्हणाला. सात वर्षांनी कोणीतरी तिला कामावर कधी येणार ते सांगत होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवायला तिने पडद्याकडे मान वळवली.

पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं.

'रिलीव्हर आला का? दहापासून बसलोय.'

तिने लिहिलं, 'आले बाबा. चार्ट पास झाला. उठा तुम्ही, जेवून घ्या.'

त्यावर एकच शब्द आला. 'बरं.'

म्हणजे माणूस उठला. आता बटण बंद होणार, तिला वाटलं. मॅनेजर फोनवर कोणाला तरी ड्युटीमास्तरांचं नाव सांगत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्या शब्दाखाली कर्सर उघडझाप करत राहिला.