रविवारी कोणाचीच नसलेली बोट

रविवारी दुपारी बोट बुडाली. पण ते तूर्त राहू द्या, कारण धाकट्याने दोर ओढून तिच्यावर पाय ठेवला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि बोट मजेत तरंगत होती. आत थोरला डबा घेऊन तळाचं पाणी उपसत होता.

"दादा, आज रविवार आहे."

"मग तू इथे काय करतोयस?"

दोन वर्षांनंतर दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. वडिलांच्या पश्चात मासेमारीची बोट एक आणि भाऊ दोन, तेही एकमेकांचं तोंड न बघणारे. म्हणून वार वाटून घेतले होते. सोम, बुध, शुक्र थोरल्याचे. मंगळ, गुरू, शनी धाकट्याचे. रविवारी बोटीला कोणीच हात लावायचा नाही. थोरला हा नियम मोडतो की काय, हे बघायला धाकटा दर रविवारी नियम मोडून यायचा. आज चोर सापडला होता, पण ओरडायचं कुठल्या तोंडाने, हे त्याला कळेना.

तेवढ्यात ऊन गेलं.

धाकट्याने वर पाहिलं. ढग नव्हता, जहाज होतं. कंटेनर लादलेलं मालवाहू जहाज. इंजिनाचा आवाज नाही, भोंगा नाही. एखादी इमारत झोपेत चालत यावी तसं ते धक्क्याकडे सरकत होतं. बांधून ठेवलेल्या दोन रिकाम्या बोटी त्याने काड्यापेटीसारख्या चेपल्या. तिसरी यांची. फळ्या कडाडल्या, भाऊ एकमेकांवर आदळले, आणि दमल्यासारखं होऊन जहाज नाक बोटीच्या कुशीत खुपसून थांबलं.

वरून एका खलाशाने डोकं बाहेर काढलं.

"माफ करा हो! लाइट गेली!"

"कुठली?" धाकट्याने विचारलं. दुसरं काय विचारावं, हे त्याला खरंच सुचलं नाही.

"सगळीच!"

अर्ध्या तासाने बंदराचा साहेब फॉर्म घेऊन आला. वाकून पाहत म्हणाला, "नशीबवान आहात. भोक जहाजानेच पाडलंय आणि बुजवलंयही त्यानेच."

"आणि जहाज काढलं की?"

"चार वाजता टगबोट येतेय जहाज ओढायला. सामान उतरवून घ्या." त्याने पेन उघडलं. "घटनेच्या वेळी बोट कोणाच्या ताब्यात?"

"रविवारी कोणाच्याच नसते," दोघे एकदम म्हणाले.

साहेबाने पेन बंद केलं, फॉर्म त्यांच्याच हातात दिला आणि तो पुढे गेला.

जाळी उतरवून झाली, कॅन उतरवून झाले. मग दोघे पुन्हा बोटीतच येऊन बसले. धाकटा बोटांवर वार मोजत राहिला. बोट गेली की वार गेले. मग दादा कुठल्या दिवशी कुठे असेल, हे कळायचं कसं? त्याला टाळायचं तरी कुठे?

"दादा, तुझा राग नक्की कशाचा आहे?"

"मला न विचारता इंजिन बदललंस."

"ते बाबांनी बदललं होतं."

थोरल्याने वाकून इंजिनावरचं तेल बाहीने पुसलं.

"बरं. आणि तुझा?"

"माझ्या लग्नाला आला नाहीस."

"आलो होतो की. फोटो कोणी काढले मग?"

धाकट्याने अख्खा अल्बम आठवून पाहिला. दादा एकाही फोटोत नव्हता.

लांबून टगचा भोंगा ऐकू आला. साडेतीन वाजले होते.

"आई कोणाकडे राहणार, ते राहिलंच," थोरला म्हणाला. "ते मोठं आहे."

धाकट्याने फॉर्म मांडीवर घेतला. 'अर्जदारांची मागणी' या रकान्यात थोरला सांगत गेला तसं तो लिहीत गेला, आणि खाली दोघांनी सह्या केल्या:

'उपरोक्त जहाज अर्जदारांच्या बोटीतून बाहेर काढण्याची कार्यवाही, अर्जदारांचे आपसातील बोलणे पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवावी. सदर बोलण्यास अंदाजे दोन वर्षे लागतील. तोपर्यंत जहाजावरील वीजपुरवठा पूर्ववत करू नये, ही नम्र विनंती.'