डाव्या चाकाचा ब्रेक

टर्नरची बायको त्या गाडीला सवत म्हणायची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती ट्रकवर लादून घरी आली होती, पुढून चेपलेली, एक दरवाजा नसलेली. कारखान्याच्या मालकाच्या मुलाने ती झाडावर घातली होती आणि मालकाला ती डोळ्यांसमोरसुद्धा नको होती. त्याच कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने ती भंगाराच्या भावात उचलली. लांब नाकाची, जमिनीला टेकल्यागत बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार.

"उद्या मूल झालं तर बसवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"आधी चालू तर होऊ दे," टर्नर म्हणाला.

मूल झालं नाही. गाडी मात्र चालू झाली.

तेव्हापासून रविवार त्या गाडीचा. घर दुमजली होतं. खाली टर्नर आणि बायको, वर त्याचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको, म्हणजे हिची जाऊ. जिन्याखालच्या दारातून गॅरेजमध्ये उतरता यायचं. चहा झाला की दोघे भाऊ तिथे शिरत ते जेवायलाच बाहेर येत. जुन्या गाडीचं दुखणं कधी संपत नाही. एक पाइप बदलला की दुसरा गळायला लागतो. सुटे भाग मिळत नव्हते, ते टर्नर कारखान्यातल्या लेथवर स्वतः बनवून आणायचा. धाकट्याचं काम म्हणजे दिवा धरणं, पाना हातात देणं आणि बडबड करणं. "वहिनी, तुमच्या सवतीला आज ताप आहे," असं ओरडून सांगत तो हात पुसायला स्वयंपाकघरात यायचा, आणि दर वेळी चुकीचाच टॉवेल काळा करून जायचा.

टर्नर निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात. डॉक्टरने कंपवात सांगितला आणि गाडी चालवायची बंद केली. घरी आल्यावर त्याने किल्ली धाकट्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसायला लागला.

चालवणं सुटलं, पण दुरुस्ती सुटेना. गॅरेजमधून काहीतरी पडल्याचा आवाज यायचा, मग शिवी, मग पुन्हा आवाज. एकदा बायको खाली गेली तर तो गुडघ्यांवर बसून फरशीवर एक वायसर शोधत होता. वायसर त्याच्या समोर होता. बोटांत येत नव्हता. तिने तो उचलला आणि त्याला विचारलं, "कुठे घालायचा?"

त्याने दाखवलं. तिने घातला.

ती कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला होती. काज, अस्तर, चेन बदलणं यात तिचा जन्म गेला होता. हाताला घाई नव्हती. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो सांगायचा आणि ती करायची. कार्बोरेटर उघडून आतलं केसाएवढं भोक तारेने साफ करायला ती शिकली. नट कसा बसवायचा तेही त्यानेच शिकवलं. "पाना नंतर. आधी बोटांनी फिरव. आटे एकमेकांत गेले की नट आपोआप फिरतो. अडला तर थांब, उलटा काढ, पुन्हा घाल. तिरका चढलेला नटसुद्धा पान्याने आवळला जातो, घट्ट लागतो, आणि तोच घात करतो."

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एका दमात एवढं बोलला नव्हता. तिला ते दिवस आवडायला लागले होते. हे ती कुणाला बोलली नाही.

मग त्याला कळलं. त्याने स्वतः केलेलं काम ती नंतर जाऊन पुन्हा तपासत होती. पाण्याच्या पाइपची क्लिप त्याने अर्धवटच आवळलेली होती, ती तिने पूर्ण आवळली आणि स्क्रूच्या खाचेवर नवा चरा उठला. कारखान्यात आयुष्यभर चरे बघितलेल्या माणसाच्या नजरेतून तो सुटणार नव्हता.

"माझ्यामागून हात फिरवतेस?"

"अहो, गळत होतं म्हणून..."

"मला सांगायचंस. मी आंधळा नाही झालो. हात कापतात, डोकं नाही." त्याचा आवाजही कापत होता. "एवढं एक ठेव माझ्याकडे. बाकी सगळं तर तूच करतेस. बटणंसुद्धा."

शर्टाची बटणं ती लावून द्यायची. तिने मान खाली घातली आणि त्याला न विचारता गाडीला हात लावणार नाही असं कबूल केलं.

पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी चिरली होती. नवी आणून ठेवली होती आणि ती दोघांनी मिळून बसवायची असं ठरलेलं होतं. पण शाळा उघडायच्या सुमारास दुकानात गणवेशांचा ढीग पडतो. त्या शनिवारी तिला सुटी मिळाली नाही. संध्याकाळी ती परतली तेव्हा टर्नर खुर्चीत बसला होता, हात काळे, चेहरा खूश.

"झालं ब्रेकचं," तो म्हणाला.

"कुणी बसवली नळी?"

"मी. कुणी म्हणजे काय?"

"पेडल मी दाबलं," धाकटा जिन्यातून म्हणाला. नळी बदलली की आत शिरलेली हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू सैल करायचा. "दगडासारखं लागतंय पेडल, वहिनी. काळजी नको."

"एकदा बघू का?" तिने हळूच विचारलं.

टर्नरने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच तिला जड गेलं. "नको," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ती गॅरेजमधून झाडू घ्यायला गेली. डाव्या चाकाखाली फरशीवर एक ओला डाग होता, बशीएवढा. तिने वाकून बोट लावलं. ब्रेक ऑइल. काल हवा काढताना सांडलं असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. तिने फडक्याने तो पुसला, फडकं डब्यात टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोहे... नाही, त्या दिवशी काय केलं होतं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवायचं, की भाऊ निघाले तेव्हा ती हात धुत होती आणि धाकट्याने नेहमीपेक्षा मोठ्याने हॉर्न वाजवला होता.

गाव सोडल्यावर रस्ता टेकडी चढतो आणि पलीकडे धरणाकडे उतरतो. उतारावर एक अवघड वळण आहे, दगडी कठड्याचं. नव्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तर दुसरी सांभाळून घेते. त्या गाडीला एकच होती. उतारावर धाकट्याने जोरात पेडल दाबलं, डाव्या चाकापाशी नट नळीतून निसटला आणि चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. धाकट्याने हँडब्रेक ओढला, गाडी आडवी झाली आणि त्याच्या बाजूने कठड्यावर आदळली. तो जागीच गेला. टर्नरचं खांद्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी अपघाताची तपासणी करणारा इन्स्पेक्टर इस्पितळात आला. टर्नर खाटेवर होता, खांदा बांधलेला. उशाशी बायको, आणि भिंतीला टेकून जाऊ उभी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपण तिथे का आलो हेच जणू तिला कळत नव्हतं.

इन्स्पेक्टर सरळ माणूस होता. "पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकनळीचा नट तिरका चढवलेला आहे. एक-दोन आट्यांवरच तगून होता," तो म्हणाला. "हे काम कोणत्या गॅरेजने केलं?"

टर्नरचा जबडा हलायला लागला. शब्द येईनात. थरथर हनुवटीवरून मानेत उतरली, बांधलेला खांदा हलला आणि तो वेदनेने कण्हला.

"घरीच केलं," बायको म्हणाली. "मी केलं. ह्यांचे हात चालत नाहीत, म्हणून हल्ली मीच करते."

खोटं बोलताना तिला ते पुरतं खोटं वाटलं नाही. फडक्याने पुसलेला तो डाग तिच्या डोळ्यांसमोर होता.

जावेने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. टर्नरने तोंड भिंतीकडे केलं. नाही म्हणाला नाही.

घरच्या माणसाकडून घरच्या गाडीत झालेली चूक, म्हणून जाबजबाब होऊन प्रकरण मिटलं. घरातलं मिटलं नाही. जाऊ वर, ती खाली, जिना एकच. जिन्यात समोरासमोर आल्या की जाऊ भिंतीला अंग चोरून उभी राहायची, जणू हिचा पदरही लागू नये. वर ती एकटी चालायची ते खाली ऐकू यायचं. नातेवाईक यायचे ते सरळ वर जायचे.

सुरुवातीला टर्नर मुकाच होता. ती भरवायची, तो गिळायचा. मग एका दुपारी ती त्याची नखं कापत असताना तो म्हणाला, "घाई केलीस तू."

"कसली?"

"नटाची. आधी बोटांनी घालायचा असतो. किती वेळा सांगितलं होतं तुला."

तिला वाटलं, कुणी आलंय आणि हा ते नाटक निभावतोय. तिने वळून पाहिलं. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

तिने डॉक्टरला विचारलं. या दुखण्यात पुढे पुढे डोकंही धुकट होतं, आठवणी सरमिसळ होतात, असं डॉक्टर म्हणाला. तिला ते पटलंही आणि नाहीही. काही दिवस तो धाकट्याला हाका मारायचा, मग तो गेल्याचं आठवून तिच्याकडे बघायचा, आणि त्या बघण्यात धुकं अजिबात नसायचं. एकदा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्याने अगदी स्पष्ट सांगितलं, "हिच्या हातून माझा भाऊ गेला." ती मुलगी बिचारी टॉवेलाच्या घड्या घालत बसली.

त्या संध्याकाळी टर्नरच्या बायकोने जिना चढून वरचं दार वाजवलं. जावेने उघडलं. आत ये म्हणाली नाही.

"ते काम मी नव्हतं केलं," बायको उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "ह्यांनी केलं होतं. मी शनिवारी दुकानात होते."

"माहीत आहे," जाऊ म्हणाली.

"काय?"

"मी खिडकीत होते, ताई. सगळं ऐकू येत होतं. नट बसत नव्हता. आमचे हे दोनदा म्हणाले, दादा, मी लावून बघू का? दुसऱ्यांदा दादा ओरडले त्यांच्यावर. मग हे हसले आणि गप्प बसले." तिने दाराची कडी धरली. "नेहमीसारखे."

"मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? दादांना? त्यांना कप धरता येत नाही. त्यांच्यावर रागवायचं म्हणजे कशावर रागवायचं? आणि तुम्ही स्वतःहून पुढे झालात. मी म्हटलं, बरं. मला कुणीतरी हवंच होतं."

बायकोला डागाचं सांगायचं होतं. ते तिने सांगितलं. फरशी, बोट, फडकं, सगळं. जावेने ऐकून घेतलं.

"हे का सांगता आता?"

"एका माणसाला तरी सगळं ठाऊक असावं म्हणून."

"त्यांना सांगणार? खाली?"

"नाही. माझ्यावर टाकून त्यांना झोप तरी लागते."

"मला लागत नाही," जाऊ म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

टर्नर पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. शेवटच्या आठवड्यात तो तिला ओळखत होता. पाणी मागायचा, कूस बदलायला सांगायचा. एकदा तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. तो आता काहीतरी बोलेल, असं तिला वाटत राहिलं. तो बोलला नाही.

चेपलेली गाडी अजून गॅरेजमध्येच होती. पोलिसांनी मोकळी केल्यावर ती दुसरीकडे कुठे न्यावी हे कुणालाच सुचलं नव्हतं. भंगारवाला ती सगळीच्या सगळी न्यायला तयार होता, पण तिने आधी खोलायला घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. रोज दुकानातून आल्यावर ती थोडं थोडं सुटं करायची. सीट, दिवे, चाकं. नट गंजले होते. तेल सोडून वाट बघायची, पाना लावायची, पुन्हा तेल सोडायची.

बॉनेट मात्र एकटीला उतरेना. लांब आणि जड पत्रा, एक टोक उचललं की दुसरं घासायचं. तिची खटपट चालली होती तेव्हा दारात सावली पडली. जाऊ उभी होती. या दारातून ती आजवर कधी आत आली नव्हती. ती आली, दुसऱ्या बाजूला गेली आणि वाकून कडा धरली.

"उचला," ती म्हणाली.

दोघींनी मिळून बॉनेट बाहेर नेलं आणि भिंतीला उभं केलं. जावेच्या तळव्याला गंज लागला होता. तिने तो पदराला पुसला.

"अजून काय राहिलंय?"

"इंजिन."

"ते आपल्याला झेपायचं नाही."

"नाही," बायको म्हणाली. "उद्या माणसं येणार आहेत."

जावेने मान हलवली. मग ती गाडीच्या सांगाड्याला वळसा घालून डाव्या चाकाच्या जागेपाशी गेली आणि तिथे बराच वेळ उभी राहिली. बायकोने दिवा उचलून तिच्या बाजूला धरला. नट नेमका कुठे होता, ते जावेने विचारलं नाही. हिनेही दाखवलं नाही. थोड्या वेळाने जाऊ जिन्याने वर गेली आणि वर तिची पावलं वाजायला लागली.