पैलतीराची होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. बाभळीच्या लाकडाची. आता नाईल नदीच्या चिखलात कलंडून पडले आहे.

मला एका कोळ्याने बांधले. तो बुडाला, तेव्हा त्याची बायको तालूस हिने दुसरे लग्न नाकारले. घराचे दार लावून ती येशूची प्रार्थना करू लागली, पोटासाठी कापड विणू लागली. मग लग्न नको म्हणणारी एक मुलगी आली, नवऱ्याने टाकलेली एक बाई आली. बघता बघता वीस भगिनी झाल्या. सगळ्या तालूसला आई म्हणत. त्यांनीच नियम केला, की जिवंतपणी कुणी नदी ओलांडायची नाही.

पैलतीरी साधूंचा मठ होता आणि दफनभूमी. तालूसने मला त्या मठाला दिले. म्हातारे पामूनबाबा मला वल्हवत. इकडे येताना भगिनींना विणायला सूत आणत. कुणी भगिनी वारली, की तिला माझ्यात ठेवून मोठ्याने स्तोत्र गात नेत. लोक मला पवित्र होडी म्हणत. मलाही अभिमान वाटे.

एका सकाळी सेनामून नावाच्या भगिनीला आणले. अठरा वर्षांची पोर तापाने गेली होती. त्या दिवशी बाबांचा घसा बसला होता, म्हणून ते गायले नाहीत. मधल्या धारेत कापडाखालून श्वास ऐकू आला.

बाबांनी वल्हे टाकून कापड सोडले.

"बाबा, पाणी..." सेनामून म्हणाली. मग भोवती पाहून दचकली. "अगंबाई, मी नदीत कशी? आई रागावेल हो!"

"रागावू दे. तू आधी पाणी पी, पोरी."

त्यांनी मला वळवले. काठावरच्या भगिनी किंचाळत आत पळाल्या. "मेलेली आहे ती! घेऊन जा तिला!" आतून कुणी ओरडले.

तालूस एकटी पाण्यात उतरली. तिने सेनामूनचे पाय चाचपले. "गरम आहेत! अगं बायांनो, भूत कधी पाणी मागतं का? उघडा दार!"

सेनामून जगली. पामूनबाबा मात्र कितीतरी वेळ माझ्यात बसून राहिले.

"हिच्याआधी अकरा जणींना नेलं मी," ते पुटपुटले. "आणि दर वेळी गात होतो."

मला त्या अकराही जणी आठवतात. एकीच्या वेळी माझी फळी करकरली होती. मला वाटले, लाट असेल. वारा पडला, की ती करकर मला अजून ऐकू येते.

पुढे तालूसने ठरवले, की दोघींनी दिवसभर मृत भगिनीपाशी बसायचे. बाबाही मधल्या धारेत वल्हे थांबवून कान लावत. पुन्हा कुणाचाच श्वास ऐकू आला नाही.

मित्रांनो, आता माझ्या तळाला भोके पडली आहेत. मला डागडुजी नको. एवढेच मागते, की कुणी गप्प पडले तर त्याला पैलतीरी पोहोचवण्याची घाई करू नका. जवळ बसा. नीट ऐका. मला आपणहून थांबता येत नव्हते, तुम्हाला येते.