पेढ्याशेजारची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळात टांगतात ती नव्हे आणि शाळेचा शिपाई बडवतो तीही नव्हे. मी टेबलावर उपड्या वाटीसारखी बसते आणि माथ्यावरचं बटण दाबलं की ‘टिंग’ म्हणते. आता माझा आवाज घोगरा झाला आहे. खरं सांगायचं तर मी दमले आहे. पण एक गोष्ट मनात राहिली आहे, तेवढी सांगते आणि मग गप्प बसते.

माझा जन्म तुर्भ्याच्या एका कारखान्यातला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात दिवसभर धडधडणारी दोन-तीन यंत्रं. तिथे मला कापलं, ठोकलं, घासलं आणि पोटात एक स्प्रिंग नि चिमुकला हातोडा बसवला. पहिली नोकरी लागली ती वाशीच्या एपीएमसी मार्केटात, कांद्याबटाट्याच्या गाळ्यावर. शेठनी मला दाबलं की चहा यायचा. ट्रकचे हॉर्न, भावाची ओरडाओरड, कांद्याची उडणारी सालं, एवढ्या गदारोळात माझा आवाज बरोबर पोचायचा. शेठ पाहुण्यांना म्हणायचे, “माणसं ऐकत नाहीत, पण हिचं सगळे ऐकतात.” मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. पुढे शेठकडे मोबाइल आला, चहावाल्याकडेही आला, आणि माझी रवानगी वजनकाट्यामागच्या फळीवर झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

तिथून मला उचललं शेठच्या मुलीने, अस्मिताने. ती मानसशास्त्र शिकून नेरूळच्या एका संस्थेत लागली होती. लहान मुलं कशी वागतात, मोठी होताना त्यांचं वागणं कसं बदलतं, याचा अभ्यास तिथे चालायचा.

“बाबा, ही घंटी नेऊ? माझ्या पोरांना वाजवायला हवीये.”

“ने की. पण पोरं वागतात कशी, हे बघायला एवढं शिकावं लागतं होय? आम्ही रोज फुकट बघतो.”

“बघायलाच तर शिकावं लागतं, बाबा,” अस्मिता म्हणाली आणि मला ओढणीच्या टोकाने पुसून पर्समध्ये टाकलं.

संस्थेतली माझी खोली छान होती. खाली मऊ गालिचा, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. मधे बुटकं टेबल, समोरच्या भिंतीत मोठा आरसा. आतून तो आरसा दिसायचा, पण पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून त्याची खिडकी व्हायची. तिथे अस्मिता आणि तिचा मदतनीस शौनक बसून मुलांना न्याहाळायचे. टेबलावर स्टीलच्या बशीत एक पेढा, आणि पेढ्याशेजारी मी.

चार-पाच वर्षांचं मूल आत यायचं. अस्मिता त्याला जवळ बसवून सांगायची, “हा पेढा तुझा. मी जरा बाहेर जाऊन येते. मी येईपर्यंत खाल्ला नाहीस, तर दोन मिळतील. अगदीच थांबवत नसेल तर ही घंटी वाजव. मी लगेच येईन, पण मग एकच.” एवढं सांगून ती निघून जायची. मुलाला किती धीर आहे हे अशाने कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

काय काय नग आले म्हणून सांगू! सैफ नावाचा मुलगा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला आणि पेढ्याकडे पाठ करून मोठमोठ्याने पाढे म्हणू लागला. अफिफाने पेढ्यावरचा पिस्ता तेवढा खाल्ला, पेढा उलटा करून ठेवला आणि साळसूदपणे हाताची घडी घातली. कुणी रडलं. कुणी मला वाजवायला हात पुढे केला आणि परत मागे घेतला, पुढे केला आणि परत मागे घेतला. दिवसामागून दिवस हेच. मुलं घरी जाऊन विसरत असतील, पण मी त्या सगळ्यांची घालमेल बघायची आणि कुणालाच काही सांगायचं नाही. दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि दाबलं तरी एकच शब्द येतो. त्या कामाने मी जेवढी थकले, तेवढी कांद्याच्या गाळ्यावर कधी थकले नव्हते.

एक दिवस जाई आली. दोन शेंड्या, पिवळा फ्रॉक. आईचं नाव चारुलता. बाबा तळोज्याच्या कंपनीत पाळीवर गेलेले. जाईने दाराबाहेर बूट काढून जोडीने नीट ठेवले. अस्मिताचं सगळं बोलणं तिने मान हलवत ऐकून घेतलं. अस्मिता बाहेर गेली, दार पुरतं लागलंही नसेल, तोच जाईने उभं राहून मला वाजवलं. मग आरशाकडे तोंड करून डोळे मिटले आणि हात जोडले. अस्मिता आत आली आणि म्हणाली, “बरं, खा हं.” तेव्हा जाईने उजव्या हातावर पेढा घेतला, खाली डावा हात धरला, पेढा कपाळाला लावला आणि खाऊन टाकला. मी बाजारात वाढलेली, मला त्या सगळ्याचा अर्थ लागला नाही. आरशामागे शौनक हसल्याचं मात्र ऐकू आलं. घंटी कधी वाजली, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांना मिळालं होतं.

आणि मग ते घडलं, जे घडायला नको होतं. जाईची आई तिला न्यायला आली, तेव्हा शौनक दारात उभा होता. कोवळं पोर तेही, चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. तो कौतुकाने हसत म्हणाला, “मॅडम, तुमची जाई फार उतावळी हां! सगळ्या मुलांत आधी हिनेच घंटी वाजवली. धीर म्हणून नाही.”

जाई त्या वेळी बुटाचा पट्टा लावत होती. तिने मान वर करून आईकडे बघितलं.

वर्षं गेली. मुलांचा तो अभ्यास संपला. मी एका खोक्यात जाऊन पडले, तुटके ठोकळे आणि कान नसलेला ससा यांच्या सोबतीला. पावसाळ्यातली ओल माझ्या पोटात शिरली, स्प्रिंग गंजली. कुणी दाबलं तरी नुसतं ‘टक’ वाजायचं, पण दाबतं कोण? खोटं कशाला बोलू, मला तो आराम आवडला होता.

मग यंदा अस्मिताने त्याच मुलांना पुन्हा बोलावलं. आता ती सगळी आठवी-नववीत गेलेली. लहानपणी जशी वागत होती त्याचं पुढे काय झालं, हे तिला बघायचं होतं. तिच्या केसांत आता पांढरी रेघ होती. माझं खोकं कपाटातून काढून टेबलावर ठेवलेलं होतं.

जाई आली. उंच झालेली, खांदे पाडून चालणारी. तिला खोलीत बसवून आई आणि अस्मिता बाहेरच्या बाकावर बोलत होत्या. दार उघडंच होतं.

“मॅडम, मला जाम टेन्शन आलंय हिचं,” चारुलता म्हणाली. “गणिताचा पेपर अर्धा कोरा देऊन उठली. विचारलं तर म्हणते, मला थांबून विचार करायला जमतच नाही. तबला सोडला, कराटे सोडलं. आता तर काही सुरूच करत नाही. काही म्हटलं की म्हणते, मी सोडणारच आहे, मग लावता कशाला?”

आत जाईने खोक्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक. तिने मला उलटं केलं, केसातली पिन काढली आणि तिच्या टोकाने माझा स्क्रू हळूहळू फिरवू लागली. पिन सटकली, तिने परत लावली. पुन्हा सटकली, पुन्हा लावली. झाकण निघालं, तेव्हा तिने फुंकर मारून धूळ उडवली आणि स्प्रिंग तळहातावर घेतली. माझ्या पोटात एवढ्या हलक्या हाताने आजवर कुणी शिरलं नव्हतं.

“बघा!” चारुलता दारात उभी होती. “दोन मिनिटं गप्प बसवत नाही. कशाला हात लावलास? आता सोडशील तसंच उघडं टाकून!”

जाईने स्प्रिंग टेबलावर ठेवली. पिन केसात खोचली. “हो,” ती म्हणाली. “मला धीर नाहीये.” रडली नाही, चिडली नाही. आपलं आडनाव सांगावं तसं सांगितलं. मित्रांनो, ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

“जाई, धीर नाही असं कुणी सांगितलं तुला?” अस्मिताने विचारलं.

उत्तर चारुलताने दिलं. “तुमच्याकडेच तर कळलं, मॅडम! चार वर्षांची होती. ते सर म्हणाले ना, सगळ्यात आधी हिनेच घंटी वाजवली.”

अस्मिता आत येऊन गालिच्यावरच बसली. असं काही सांगायचं नसतं, एका पेढ्यावरून मूल ठरवायचं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण सांगून झालं होतं, आणि जाई ते ऐकतच वाढली होती. अस्मिताने विचारलं, “तुला तो दिवस आठवतो, जाई?”

“थोडा थोडा. हे देऊळ होतं ना?”

“देऊळ?”

“म्हणजे मला तसं वाटलेलं.” जाई ओशाळून हसली. “बाहेर चपला काढायच्या, मग घंटी, आणि समोर पेढा. बाबा मला आमच्या सेक्टरच्या गणपतीला न्यायचे, उचलून घंटी वाजवायला द्यायचे. मला वाटलं, आरशात देव असेल.”

आरशातल्या देवाने, म्हणजे अस्मिताने, तोंडावर हात ठेवला होता.

“पण मी तुला सांगितलं होतं, थांबलीस तर दोन मिळतील. ते कळलं नव्हतं का?”

“कळलं होतं की. पण मॅडम, प्रसाद कोणी दोनदा मागतं का? बाबा म्हणायचे, हातात आला की लगेच खायचा, ठेवायचा नाही, अजून मागायचा नाही.”

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा ओरडत गेला. मग अस्मिता म्हणाली, “चूक माझी आहे. मी आरशातून नुसतं बघत राहिले. हात का जोडलेस, एवढं विचारायला हवं होतं. आणखी किती जणांना विचारायचं राहिलंय, कोण जाणे.”

चारुलता लेकीकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. ती जाईजवळ खाली बसली आणि माझी स्प्रिंग उचलून तिच्या हातात दिली.

“लाव नीट,” ती म्हणाली. “आम्ही थांबतो.”

जाईने आईकडे बराच वेळ बघितलं, खरंच थांबणार का याचा अंदाज घेत. मग पिन काढली. पण खरी परीक्षा त्या दोघींची होती, जाईची नव्हेच. स्प्रिंग घसरली की आईचा हात पुढे यायचा आणि मागे जायचा. तिचा फोन वाजला, तिने तो न बघताच बंद केला. स्क्रू गालिच्यात पडला. जाई बोटांनी चाचपत तो शोधत राहिली, आणि शोधून देण्याचा मोह आवरेना तेव्हा अस्मिताने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, अगदी त्या सैफसारखे. मला हसू आलं.

अखेर झाकण बसलं. जाईने मला टेबलावर ठेवून बटण दाबलं. टिंग! घोगरं, पण टिंग.

“नीट नाही झालं,” जाई म्हणाली. “आतला गंज काढायला हवा. मी घरी नेऊ?” आणि मग जरा थांबून, “पूर्ण करेन.”

म्हणून आता मी जाईच्या टेबलावर आहे. कामाची अशी उरले नाही, आणि पुन्हा कुणाचा धीर मोजायची माझ्यात ताकद नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही पुढ्यात कुणाची तरी मुलं येतील. त्यांनी घंटी वाजवली, की ती कधी वाजवली हे मी सांगेन. का वाजवली, हे मला ठाऊक नसतं. ते त्यांनाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.