व्हर्लिनच्या पाठीवरचं ओझं

व्हर्लिन खड्डा खणायची एक छोटी प्लास्टिकची फावडी घेऊन झाडीत शिरला, तसे मार्लिसने त्याच्या सॅकचे बंद सोडले. तिच्याकडे सात मिनिटं होती. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पोटाचं वेळापत्रक तिला पाठ झालं होतं, आणि गेल्या चार दिवसांत ते तिला जेवढं उपयोगी पडलं, चर्चमध्ये घेतलेल्या शपथाही तेवढ्या कधी पडल्या नव्हत्या.

पहिल्या सकाळी तिने त्याच्या सॅकमधून शेंगदाण्याच्या लोण्याचा डबा काढून आपल्यात घातला होता. दुसऱ्या सकाळी ओट्स आणि सुके मनुके. काल तंबूच्या दांड्या आणि चुलीचा गॅस. आज काढण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तंबूचं कापड काढलं असतं तर सॅकचं पोट आत गेल्यासारखं दिसलं असतं. उलट तेच सैल फुगवून ती रिकाम्या जागेत कोंबत आली होती. राहिली निळी पिशवी. तिच्यात पिसांची रजई, तिच्यात गुंडाळलेलं जाकीट, लोकरी सदरा आणि मोजे. चार पौंड एक औंस. मार्लिसने आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख होतं. कुणाच्या का पाठीवर असेना, संध्याकाळी एकाच तंबूत निजायचं आहे, असा हिशेब करून तिने ती पिशवी आपल्या सॅकच्या तळाशी दाबली.

औंसांचा हा हिशेब मुळात व्हर्लिनचा. ओहायोतल्या पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने सुट्या भागांची कोठी सांभाळली. त्या कोठीच्या भिंतीवर या पायवाटेचा नकाशा लावलेला होता. इथून, जॉर्जियातून निघायचं आणि उत्तरेला मेनपर्यंत चालायचं, साडेपाच महिने. निवृत्त झाल्यावर त्याने हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली, दात घासायच्या ब्रशांचे दांडे कापले, सगळं वहीत लिहिलं आणि शेवटी वहीचं वजनही वहीत लिहिलं. वाटेवर भेटलेल्या पोरांनी त्याचं नाव कोठीवाला ठेवलं, तेव्हा पदक मिळाल्यासारखा तो खूश झाला. मार्लिसला त्यांनी कासव म्हटलं. ती हसली. हसण्याला वजन नसतं.

नोव्हेंबरात हृदयाच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की चालत राहा, पण दहा-बारा पौंडांवर ओझं उचलू नका, चढ टाळा. परतताना गाडीत व्हर्लिन म्हणाला, "ऐकलंस ना? चालत राहा म्हणाले." वाक्याचा मागचा डबा त्याने स्टेशनातच सोडून दिला होता. तीन आठवडे मार्लिसने तो परत जोडायचा प्रयत्न केला. तेवढ्या दिवसांत व्हर्लिनने नकाशा गुंडाळला, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसला आणि जेवणाची वेळ विचारेनासा झाला. तेव्हा तिने ओळखलं, की हा माणूस डोंगरावर मेला तर एकदाच मरेल, खुर्चीत रोज मरतोय. तिने स्वतःच नकाशा उलगडून टेबलावर पसरला. तिला मेनला पोचायचं नव्हतंच. तिला एवढंच हवं होतं, की त्याने आपल्या पायांनी थकावं, आपल्या तोंडाने 'पुरे' म्हणावं. छातीने त्याला थांबवू नये.

"कासवबाई, निघायचं का?" फावडी पुसत व्हर्लिन आला. सॅक उचलून पाठीवर घेताना क्षणभर थांबला, मग पट्टे आवळले. "चौथ्या दिवशी अंगात येते बघ चाल. काल तर मला वाटलं, पाठीवर काही नाहीच."

"तरुण झालायस तू," मार्लिस म्हणाली.

"आणि तू चोवीस मैलांत म्हातारी."

तिच्या उजव्या गुडघ्यात कालपासून काचेचा चुरा भरला होता. चढावर ती दात आवळून निभावत होती, पण उतारावर आडवी होऊन खेकड्यासारखी उतरायची, आणि ते त्याने पाहिलं तर ओझी पुन्हा वाटली जातील, या धास्तीने दहाच्या सुमाराला तिने सांगितलं, की मी तुझ्या मागे मागे येते, तू हो पुढे, माथ्यावर भेटू. समोर ब्लड माउंटन होता, जॉर्जियातल्या या वाटेवरचा सगळ्यात उंच चढ. व्हर्लिनने जरा आढेवेढे घेतले. मग वाट दाखवायला झाडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांमागोमाग त्याची लाल टोपी दिसेनाशी झाली.

डोंगरातल्या मार्चवर विश्वास ठेवणं म्हणजे दारुड्याकडे किल्ल्या देणं. बारा वाजता ढग आले, साडेबाराला पाऊस, आणि एकच्या आधी मार्लिसच्या बाहीवर पावसाचे थेंब वाजू लागले. तिने बाही जवळ घेऊन पाहिली. बर्फाचे दाणे.

मग तिला निळी पिशवी आठवली.

ती वाटेतच उभी राहिली. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन जाकिटं, दोन रजया, खाणं, गॅस, दांड्या. वर, दीड मैलावर, तिचा नवरा, घामाने भिजलेल्या सदऱ्यात, एक कापड आणि एक भांडं घेऊन. चार दिवस तिने त्याचं ओझं कमी केलं होतं. करता करता, त्याला जगवणारं जे जे होतं, ते सगळं तिने काढून घेतलं होतं.

सॅक टाकून धावावं, तर नेमकी सॅकच पोचवायची होती. ती चढू लागली. गुडघा दुमडत नव्हता, म्हणून पाय कमरेतून फेकून पुढे टाकू लागली. खडकांवर बर्फाची साय धरली होती. दोनदा ती हातांवर पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा उठायची घाई न करता तशीच चार पायांवर वीस-पंचवीस हात गेली. तोंडाने ती प्रार्थना म्हणत नव्हती, आकडे म्हणत होती. पन्नास पावलं. मग परत पन्नास.

वरून एक बाई कुत्रा घेऊन उतरत होती. तिने सांगितलं, की लाल टोपीवाले एक गृहस्थ माथ्यावरच्या दगडी खोलीत बसलेत. ती त्यांना आपलं जाकीट देत होती, पण 'माझ्याकडे आहे' म्हणाले.

"त्याच्याकडे नाहीये," मार्लिस म्हणाली आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. रडत ती चढत राहिली. त्या बाईने आपलं जाकीट तिच्या सॅकवर बांधून दिलं. ते किती औंसांचं होतं, हे मार्लिसला कळलंच नाही.

दगडी खोलीला दार नव्हतं. व्हर्लिन कोपऱ्यात तंबूचं कापड लपेटून बसला होता. पुढे जमिनीवर त्याने आपला सगळा माल ओळीने मांडला होता: भांडं, दोरी, अर्धा ब्रश, फावडी. मांडीवर वही होती आणि बोटांना पेन्सिल धरवत नव्हती. ओठ जांभळट झाले होते.

"निळी पिशवी," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "नोंद आहे. माल नाही."

"माझ्याकडे आहे. गप्प बस."

तिने त्याला लहान मुलासारखं उघडं केलं, कोरडे कपडे चढवले, दोन्ही रजयांत कोंबलं, वर त्या अनोळखी बाईचं जाकीट टाकलं. चूल पेटवायला सहा काड्या गेल्या. साखरेचं गरम पाणी तो तिच्या हातून प्यायला, निम्मं हनुवटीवर. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. आतलं यंत्र अडखळत होतं, पण चालू होतं.

पाऊण तासाने त्याचे दात वाजायला लागले, म्हणजे थिजलेलं अंग पुन्हा जागं झालं, तो सुधारला. मग तो म्हणाला, "लोण्याचा डबा मला पहिल्याच दिवशी कळला होता."

मार्लिसने हात काढला.

"एकतीस वर्षं हाताने माल तोललाय मी, मार्लिस. ओट्स कळले. दांड्या कळल्या. सकाळी सॅक आणखी हलकी झाली, तेही कळलं. ती रजईची पिशवी असेल, ते डोक्यात आलं नाही, एवढंच. वाटलं, काहीतरी काढलंय हिने आणखी. बरं झालं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं. "बोललो असतो तर परत घ्यावं लागलं असतं."

बाहेर बर्फाचे दाणे दगडांवर तडतडत होते.

"आणि वर मला म्हातारी म्हणत होतास."

"तू म्हातारी, म्हणूनच मी पुढे. नाहीतर कसं दिसलं असतं ते?" मग त्याने विचारलं, "तुझा गुडघा?"

"कुठला गुडघा?"

"मी मागे वळून बघायचो अधूनमधून. खेकडा परवडला." मग त्याने रजईची एक बाजू उचलली आणि ती आत सरकली. मेनचं नाव कुणी काढलं नाही.

सकाळी अडीच मैल उतरायला त्यांना चार तास लागले. ती आडवी उतरत होती, तो दर वळणावर झाडाला धरून उभा राहत होता, आणि आता दोघंही ते लपवत नव्हते. खाली खिंडीत, हमरस्त्याला लागून, चालणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे. इथे येणाऱ्यांच्या सॅका काट्याला लटकवतात आणि नको ते सामान घरी पाठवून देतात. दुकानदाराने आधी व्हर्लिनची टांगली, मग मार्लिसची.

"तेरा. आणि चौतीस," तो म्हणाला. भोवती आठ-दहा पोरं नूडल्स खात उभी होती. "साहेब, तुमची तर झकास भरलीय. बाईंना विचारा, घरचा फ्रिज घेऊन निघाल्यात का."

पोरं हसली. मार्लिस काहीतरी बोलणार होती, गमतीचं, सवयीने.

"ते माझं आहे," व्हर्लिन म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "तिच्या सॅकमधलं निम्मं सामान माझं आहे. चार दिवस तिने वाहिलं." मग त्याने टोपी काढली. "पुरे झालं."

दुकानापुढच्या झाडावर बूट लटकत असतात. जे इथूनच परततात, त्यांचे. व्हर्लिनने रबरी चपला घातल्या, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि फेकले. खालच्या फांदीपर्यंतही गेले नाहीत. पुन्हा फेकले. तो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मार्लिसने बूट उचलले आणि चांगल्या पायावर भार देऊन फेकले. ते फांदीभोवती एक वेढा घेऊन स्थिर झाले. दोघांनी थोडा वेळ वर पाहिलं.

गावात सोडणारी गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. चाळीसेक पावलं. मार्लिसने आपली सॅक घ्यायला हात पुढे केला, तर तिथे व्हर्लिनचा हात आधीच होता. त्याने ती चौतीस पौंडांची सॅक गुडघ्यावर घेतली, मग खांद्यावर, आणि पट्टे आवळले. डॉक्टरांचे सगळे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिने त्याची तेरा पौंडांची सॅक उचलली आणि एक पाऊल मागून चालू लागली. तो रस्ता ओलांडत होता, चपला फटफटत, मान खाली, अगदी सावकाश. तिची नजर त्याच्या पाठीवर होती. हात मात्र तिने आपल्या पट्ट्यांत घट्ट अडकवून ठेवले होते.