रिकाम्या टेबलाची पाळी

घंटा वाजली तरी दोरा जागची हलली नाही.

"ऊठ गं, पुढच्या टेबलावर जायचंय," दिमोने तिला ढोसलं.

"तुम्ही व्हा पुढे. आता इथे नेदा येईल. मी तिच्यासोबत बसते."

पेन्काबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. बाल्कन डोंगरातल्या त्या शाळेत एकच वर्ग, आणि वर्गात चार टेबलं: वाचनाचं, हिशेबाचं, मातीचं, कागदकामाचं. घंटा झाली की प्रत्येक गट पुढच्या टेबलावर सरकायचा आणि आधीच्यांचं अर्धवट काम पुढे न्यायचा. हिवाळ्यात दोराची बहीण नेदा तापाने गेली, काही घरं शहरात गेली, आणि गट तीनच उरले. चौथं टेबल मात्र बाईंच्याने काढवलं नाही. त्यामुळे दर पाळीला एक टेबल रिकामं राहायचं. पोरं त्याला नेदाची पाळी म्हणत.

त्या पाळीनंतर मातीच्या अर्धवट चिमणीला पंख फुटलेले असायचे. भुताखेतांवर बाईंचा विश्वास नव्हता, निदान दिवसाउजेडी तरी नव्हता. आधी त्यांनी पोरांना झापलं, मग स्वतः पहारा केला, मग विचारायचंच सोडून दिलं. त्यांना खरी काळजी होती ती दोराची. पोरगी धड जेवत नव्हती, आणि दिवसेंदिवस त्या रिकाम्या खुर्च्यांकडे ओढली जात होती.

आज आठ मार्च, आईला फुलं द्यायचा दिवस. नेदा गेल्यापासून अंथरूण धरलेल्या दोराच्या आईसाठी प्रत्येक गटाने कागदाचं एकेक फूल केलं होतं. कागदकामाची शेवटची पाळी रिकामी गेली आणि मुलं गुच्छ घ्यायला आली.

"बाई, चार आहेत," दिमो म्हणाला.

त्या डोंगरातली रीतच होती: चार फुलं थडग्यावर नेतात. जिवंत माणसाच्या हाती सम आकडा कोणी देत नाही.

"एक काढून टाकू," दिमो हळूच म्हणाला. "ते निळं. ते आपल्यातल्या कुणाचंच नाही."

"निळ्याला हात लावून तर बघ." दोराने स्वतःच्या गटाचं पिवळं फूल उपसलं. "हे काढा. मी जाते नेदाकडे. आईला तीन पुरतील."

शेजारच्या घरी खेळायला जाते म्हणावं, तसं ती म्हणाली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"कुणी कुठे जायचं नाही. ते फूल होतं तिथे ठेव. अजून माझं राहिलंय."

"तुम्ही पण करणार?"

"का, मला हात नाहीत? जा, कोट चढवा."

मुलं बाहेर गेली. बाई एकट्याच टेबलाशी बसल्या. लाल कागद कापला, तारेला गुंडाळला. डिंकाची वाटी पलीकडच्या टोकाला होती. त्यांनी हात लांब केला, तो पोचला नाही. वाटी सरकत त्यांच्या बोटांशी आली.

बाईंनी दाराकडे पाहिलं. पण त्या उठल्या नाहीत. पाकळी चिकटवली आणि वाटी हलकेच पलीकडे ढकलली.

"पाच झाली, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझंही आईकडे जाईल."