दोन बायकांचा अर्ज

व्हिसाच्या कचेरीतून आलेलं पत्र तीनच ओळींचं होतं आणि त्यातलं प्रश्नचिन्ह बाकीच्या अक्षरांपेक्षा गडद उमटलं होतं. कॅनडात कायमचं राहायला जाण्यासाठी अर्जदाराच्या दोन पत्नींपैकी कोणती येणार?

माझ्या बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटवर नाव होतं सुमित्रा. सासरी तांदळात लिहिलेलं आणि लग्नाच्या दाखल्यावर चढलेलं नाव वैजयंती. आम्ही दोन्ही कागद जोडले होते.

"दोघींनाही ने," सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "एखादीला तरी भाकरी थापता येईल."

"अक्का, थट्टा पुरे," हे आईला म्हणाले. "एकच नाव ठरवलं नाही, तर कोणीच जाणार नाही."

देवपूरच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा कागद टाइपरायटरला लावला. "दोघी एकच, हे लिहिलं. आता यापुढे कायमचं नाव कोणतं?"

यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. वैजयंती हे नाव त्यांनीच हौसेनं निवडलेलं. सहा वर्षं मी त्या हाकेला मुकाट ओ देत होते.

"बोला बाई," वकील म्हणाले, "नाहीतर तिसरंच नाव टाइप करीन."

"सुमित्रा," मी म्हणाले. "सुमित्रा लिहा."